सव्वादोनचं माप

सणावाराच्या आधी यावलच्या आमच्या घरी मन्यारचाचा यायचे. ओसरीवर टोपली उतरवली की घरातल्या बायका भोवती बसत. चाचांना माप विचारावं लागत नसे. हात हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, चारही बोटांची मुळं मुठीत आडवी आवळायची आणि लहान झालेल्या हातावरून बांगडी मनगटाकडं सरकवायची. धाकट्या काकूंचं माप सव्वादोन. सातव्या महिन्यात त्यांची ओटी भरली तेव्हा हिरवा चुडा सरसर चढला. तेलाची वाटी धरून मी शेजारीच उभा होतो. एकही बांगडी पिचकली नाही.

काकूंच्या हातांचं दुखणं त्याआधी वर्षभर सुरू होतं. पहाटे भाकरीला बसल्या की बोटं वळायची नाहीत. पिठात ऊन पाणी घातलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. केळीच्या बागेत पिलं कापायला गेल्या तर विळ्याची मूठ धरवत नसे. दिवस गेले आणि चौथ्या महिन्यापासून हे सगळं ओसरलं. घरात सगळ्यांनी त्याचं श्रेय पोटातल्या लेकराला दिलं. लेकरू गुणाचं आहे, असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हळीव, सव्वा महिना, सगळं रीतीप्रमाणं झालं. मुलगी चार महिन्यांची असताना चाचा पुन्हा आले. त्यांनी त्याच सवयीनं काकूंच्या बोटांची मुळं आवळली आणि काकू किंचाळल्या. चाचांनी हात सोडला. सव्वादोनची बांगडी त्या दिवशी चढली नाही.

"बायंतपनी वारं लागलं हिले," आजी म्हणाली.

हे वाक्य यावल-रावेर-चोपड्याकडं मी पुढं कितीतरी घरांत ऐकलं. बाळंतिणीला वारं लागतं, म्हणून दारं-खिडक्या लावायच्या, कानाला फडकं बांधायचं. त्या वाक्यात एक तारीख आहे आणि एक आरोपी आहे. आरोपी चुकीचा धरला होता. वाऱ्यानं सांधे सुजत नाहीत. पण तारीख मात्र बिनचूक होती, आणि ती तारीख आधुनिक वैद्यकाच्या वहीत नीट नोंदली जायला विसाव्या शतकाची मधली वर्षं उजाडावी लागली. मला इथं त्या तारखेचाच इतिहास सांगायचा आहे.

आजार जुना. माधवकरानं साधारण सातव्या-आठव्या शतकात रचलेल्या 'माधवनिदाना'त आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातली सूज, आखडणं, ताप आणि अन्नावरची वासना उडणं आजच्या डॉक्टरलाही ओळखीचं वाटेल. युरोपात या आजाराचं पहिलं स्वच्छ वर्णन १८०० सालचं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात लांद्रे-बोव्हे नावाच्या तरुण डॉक्टरनं आपल्या प्रबंधासाठी नऊ रुग्ण निवडले. नऊच्या नऊ बायका होत्या. ते रुग्णालय गरीब बायकांचंच असल्यामुळं हे ओघानं झालं. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडनं 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिलं. आता आपल्याला माहीत आहे की हा आजार शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीचा. घरच्याच राखणदारानं घरातल्या माणसावर काठी उगारावी, तशी ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. आणि एका पुरुषामागं साधारण तीन बायकांना तो होतो. हा तिप्पट आकडा कुठून येतो, हा प्रश्न गॅरॉडनंतरही पाऊणशे वर्षं कोणी जोर लावून विचारला नाही.

१९३६ च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते राबलेले, नंदलाल बोसांनी बांबू आणि खेड्यातल्या साध्या वस्तूंनी सजवलेला मंडप. त्या गर्दीला भाकऱ्या पुरवणाऱ्या हातांत किती सुजलेली बोटं असतील, असं माझ्या मनात येतं. नेमक्या त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच नावाचा डॉक्टर संधिवाताच्या गरोदर बायकांच्या नोंदी गोळा करत होता.

हेंचची गोष्ट काविळीपासून सुरू होते. १९२९ च्या एप्रिलमध्ये संधिवाताचा एक ६५ वर्षांचा रुग्ण, जो स्वतः डॉक्टर होता, त्याला म्हणाला की कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून माझे सांधे दुखायचे थांबले. कावीळ महिन्याभरात गेली, आराम मात्र पुढं कित्येक महिने टिकला. दुसऱ्या एखाद्यानं योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. हेंचनं असे रुग्ण शोधायला सुरुवात केली आणि शोधता शोधता त्याला दुसरी गोष्ट दिसली. दिवस गेले की बायकांचं दुखणं ओसरतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतं. १९३८ साली त्यानं यावर लेख लिहिला. आमच्या आजीनं पुढं ओसरीवर बसून जे जोडलं, ते तेव्हाच छापून आलं होतं.

हेंचचा पुढचा तर्क मला फार आवडतो. गरोदरपण फक्त बाईला येतं, कावीळ मात्र पुरुषालाही होते. दोन्हीत आराम पडत असेल आणि आराम देणारी वस्तू एकच असेल, तर ती निव्वळ बायकी हॉर्मोन असू शकत नाही आणि निव्वळ पित्तही असू शकत नाही. ती बाई-पुरुष दोघांच्या शरीरात असणारं काहीतरी हवं. त्यानं त्या अज्ञात वस्तूला 'पदार्थ एक्स' म्हटलं. ती हाती लागावी म्हणून त्यानं रुग्णांना पित्त दिलं, यकृताचे अर्क दिले, कावीळ झालेल्यांचं रक्तही चढवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

त्याच क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल हा रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून एकेक पदार्थ वेगळा काढत होता आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं देत होता. १९४१ च्या जानेवारीत दोघांच्या बोलण्यात ठरलं की 'ई' हा पदार्थ संधिवातावर वापरून पाहायचा. पण तो मिळणार कुठून? ग्रंथींतून निघायचा तो चिमूटभर. मग महायुद्ध आलं. जर्मन वैमानिक अधिवृक्क ग्रंथीचा अर्क टोचून फार उंचावर उडतात अशी अफवा उठली आणि अमेरिकेनं या संशोधनाला हात सैल सोडला. अफवा खोटी होती, काम मात्र खरं झालं. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेटनं बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून तो पदार्थ बनवायची लांबलचक वाट शोधली.

२१ सप्टेंबर १९४८. मेयोच्या रुग्णालयात २९ वर्षांची एक बाई दोन महिने पडून होती. कुशीवर वळतानाही तिला वेदना व्हायच्या, आणि बरं वाटल्याशिवाय घरी जाणार नाही असा तिनं हट्ट धरला होता. त्या दिवशी तिला 'ई' पदार्थाचं पहिलं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत ती पलंगावरून उठली. आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हेंचनं सहकाऱ्यांना रुग्णांची आधीची आणि नंतरची चित्रफीत दाखवली. पदार्थ 'ई'ला आता कॉर्टिझोन हे नाव मिळालं. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे रायकश्टाइन यांना नोबेल मिळालं. हेंचनं आपल्या वाट्यातून काही रक्कम सिस्टर पँटालिऑन या आपल्या वॉर्डच्या प्रमुख नर्सला दिली. रुग्णांच्या हातापायांत रोज काय बदलतं, हे तिच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं, आणि याची जाण त्या माणसाला होती, याचं मला कौतुक वाटतं.

म्हणजे वैद्यकातल्या एका मोठ्या औषधाचा माग गरोदर बाईच्या सुटलेल्या बोटांवरून लागला. पण औषध हाती आलं आणि ज्या प्रश्नावरून ते सापडलं तो प्रश्न बाजूला पडला. कॉर्टिझोननं सूज उतरायची, आजार मुळातून जायचा नाही. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा चंद्रासारखा गोल व्हायचा, हाडं ठिसूळ व्हायची, साखर वाढायची. हेंचला हे लवकरच दिसलं आणि त्यानं सावध केलं. आमच्या खेड्यांपर्यंत मात्र औषध पोचलं, तो इशारा पोचला नाही. कागदाच्या पुडीत बांधलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या अजूनही संधिवातावर दिल्या जातात. चार दिवसांत बाई उठून कामाला लागते, चेहरा भरतो, शेजारपाजारचे म्हणतात तब्येत सुधारली. दोन वर्षांनी ती साधी घसरून पडते आणि मनगट मोडतं. आणि घाबरून कोणी एका दिवसात ती पुडी बंद करतं, तेव्हा जीवावर बेततं, कारण तोवर शरीरानं कॉर्टिझोनसारखं स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळपास सोडलेलं असतं. पुडी चालू असेल तर डॉक्टरला दाखवून ती हळूहळूच उतरवायची असते.

गरोदरपणात नेमकं होतं काय? हेंचचं अर्धं उत्तर बरोबर होतं. गरोदर बाईच्या रक्तात कॉर्टिसोल दुपटी-तिपटीनं वाढतं. पण त्याबरोबर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी चढतात, आणि पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं असताना ते सांभाळायचं म्हणून तिची प्रतिकारशक्तीच आपली चाल बदलते. १९९३ मध्ये सिएटलच्या जे. ली नेल्सन यांनी दाखवलं की आई आणि बाळ यांच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जितक्या वेगळ्या, तितका गरोदरपणात आराम पडण्याचा संभव जास्त. म्हणजे 'लेकरू गुणाचं' हे आजीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. मग बाळंतपण होतं, वार पडते, आणि चढलेले सगळे हॉर्मोन काही दिवसांत खाली येतात. दूध यावं म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं, आणि ते प्रतिकारशक्तीला चेतवणारं. या उतारावरच आजार परततो, किंवा पहिल्यांदा दार ठोठावतो. पूर्वी म्हणत, चारांतल्या तिघींना गरोदरपणी आराम पडतो. अलीकडं हॉलंडमध्ये गरोदर बायकांना वेळोवेळी तपासलं तेव्हा हा आकडा निम्म्याच्या आसपास निघाला, आणि बाळंतपणानंतर आजार उसळणाऱ्या दहांतल्या चार.

बाजूला पडलेल्या त्या प्रश्नाला पुन्हा तोंड फुटलं ते गर्भनिरोधक गोळीमुळं. १९६८ मध्ये ब्रिटनच्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं गोळीचे तोटे शोधायला मोठी पाहणी सुरू केली. चौदाशे डॉक्टर, सेहेचाळीस हजार बायका, निम्म्या गोळी घेणाऱ्या आणि निम्म्या न घेणाऱ्या. तोटे शोधता शोधता १९७८ साली त्यांना आढळलं की गोळी घेणाऱ्यांत संधिवात निम्म्यानं कमी आहे. हॉलंडमधून दुजोरा आला. मेयो क्लिनिकनं आपल्या गावच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं, आम्हाला असं काही दिसत नाही. बारा वर्षं वाद चालला. १९९० मध्ये सगळे अभ्यास एकत्र घेऊन पाहिल्यावर मत असं झालं की गोळी आजार बहुधा टाळत नाही, पुढं ढकलत असेल किंवा त्याची धार कमी करत असेल.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आमच्या तालुक्यातल्या बायका येतात. इथं गोळी घेतं कोण? दुसरं-तिसरं लेकरू झालं की 'ऑपरेशन'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी निम्म्याच्या आसपास नसबंदी झालेल्या दिसतात, गोळीवाल्या अगदी मोजक्या. नसबंदीनं हॉर्मोन बदलत नाहीत, फक्त नळ्या बांधल्या जातात. तेव्हा ब्रिटनच्या बायकांचा तो हिशेब आमच्या बायकांना लागू पडत नाही. त्यांच्या आयुष्याशी जुळणारा अभ्यास दुसरा आहे. अमेरिकेत १९७६ पासून एक लाख एकवीस हजारांहून जास्त नर्सच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. त्यावरून २००४ मध्ये दिसलं की ज्यांनी सगळ्या मुलांना मिळून वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजलं त्यांना संधिवाताचा धोका कमी, आणि दोन वर्षांहून जास्त पाजलं त्यांना जवळपास निम्मा. पाळी फार अनियमित असणाऱ्यांना धोका जास्त. पाजण्याच्या पहिल्या महिन्यांत आजार उसळू शकतो आणि एकूण आयुष्याच्या हिशेबात तेच पाजणं राखण करतं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. संधिवात झाला म्हणून बाळाला अंगावरून तोडायला सांगणाऱ्या घरांना हे कळायला हवं.

आपल्याकडं मोजणी कधी झाली? काकूंच्या त्या बाळंतपणानंतर तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला. आज ते गाव उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी ओळखलं जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवात-तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ पासून 'कॉपकॉर्ड' नावाची एक पद्धत आखली होती. मोठी यंत्रं लागू नयेत, खर्च थोडा यावा, आणि जी माणसं दवाखान्यात येतच नाहीत त्यांच्यापर्यंत जाता यावं, हा तिचा हेतू. पुण्यातले संधिवात-तज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी ती भिगवणला आणली. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. हातात माणसाच्या शरीराचं चित्र असलेला कागद. गेल्या सात दिवसांत कुठं दुखलं, या चित्रावर बोट ठेवा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे जमत होतं.

मला ते दृश्य महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरपुढं बोलायला संकोचणारी, नवऱ्यानं किंवा सासूनं आपल्या वतीनं बोलावं अशी सवय लागलेली बाई आपल्याच उंबऱ्यावर बसून कागदावर बोट ठेवते. पुढं संधिवात रुग्ण किती अपंग झाला हे मोजणारी परदेशी प्रश्नावलीही पुण्यात आपल्या सवयींना धरून बदलून घेतली गेली. मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, हे आपल्याकडं विचारावंच लागतं.

भिगवणचे चार हजारांवर प्रौढ तपासले. शंभरातल्या अठरा जणांना हाडा-सांध्याचं काही ना काही दुखणं होतं. त्यातले बहुतेक कंबर-गुडघ्यांचे, श्रमाचे किंवा वयाचे. खऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण हजारी पाच निघालं. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. लाख प्रौढांमागं तो पाचशे होतो, आणि तीनास एक हे गुणोत्तर धरलं तर त्यात पावणेचारशेच्या आसपास बायका. म्हणजे आमच्यासारख्या तालुक्यात शेकड्यांनी बायका, आणि बहुतेकींच्या दुखण्याला घरात वारं, दगदग किंवा वय हीच नावं मिळालेली. २००६ मध्ये चिकनगुनियाची साथ आली आणि आणखी एक नाव मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं सुजलेलं प्रत्येक बोट चिकनगुनियाच्याच खात्यावर मांडलं गेलं.

बाईच्या आयुष्यातली दुसरी तारीख पाळी जाण्याची. बायकांत हा आजार सर्वांत जास्त सुरू होतो तो पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान, इस्ट्रोजेन उतरणीला लागतं त्या वर्षांत. आपल्याकडं पाळी जाते ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. २०२४ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या सव्वादोन लाखांच्या आसपास बायकांच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांत संधिवाताचा धोका सेहेचाळीस टक्क्यांनी जास्त दिसला, आणि गर्भाशय काढलेल्यांतही तो वाढलेला होता. एक गोष्ट दुसरीसोबत आढळली म्हणजे तीच कारण ठरते असं नाही, हे मान्य. पण मग इस्ट्रोजेनची गोळी देऊन भागेल का? अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या हजारो बायकांना हॉर्मोन देऊन पाहिले तेव्हा संधिवात टळला असं ठामपणे काही दिसलं नाही. शरीरातली चढ-उतार वर्षानुवर्षांची असते, एका गोळीनं तिची भरपाई होत नाही.

इथं मला बीडची आठवण होते. आपल्या खेड्यांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढणं' म्हणतात, आणि दात काढावा तितक्या सहज ती सुचवली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न पुढं आला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तेव्हा तिशी-पस्तिशीतल्या. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर पाळी जाण्याचं वय बऱ्याचदा अलीकडं येतं, आणि काढले तर ते त्याच दिवशी येतं. कोयता धरणाऱ्या, मोळी डोक्यावर घेणाऱ्या त्या बायकांच्या बोटांची पेरं पुढच्या दहा वर्षांत कशी राहिली, हे चित्राचा कागद घेऊन त्यांच्या कोपीवर जाऊन विचारायला हवं. भिगवणनं त्याची रीत घालून दिलेली आहे.

आज या आजाराला औषधं आहेत. १९८० च्या दशकापासून मेथोट्रेक्सेट हा उपचाराचा कणा झाला. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर विषासारखी चढते. आणि ती चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात, म्हणून मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरशी बोलून गरोदरपणात चालणाऱ्या दुसऱ्या औषधांवर जायचं असतं. पण औषधाचा खरा फायदा सुरुवातीच्या महिन्यांत, सांधा वाकडा होण्याआधी. २००२ मध्ये तज्ज्ञांनी साध्या डॉक्टरांसाठी तीन खुणा ठरवून दिल्या. तीन किंवा जास्त सांधे सुजलेले, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, आणि बोटांची मुळं आडवी आवळल्यावर कळ. तिसरी खूण वाचली तेव्हा मला चाचांची मूठ आठवली.

काकूंना जळगावला नेलं तेव्हा सात वर्षं गेली होती. बोटं करंगळीकडं झुकली होती. आता त्यांची साठी उलटली. बुधवारी रात्री गोळी, मधल्या दिवसांत फॉलिक आम्ल, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. भाकरी सून थापते, भरताची वांगी मात्र त्या अजून स्वतः भाजतात. बांगडीचं माप अडीचवर गेलं आहे.

गेल्या दिवाळीआधी चाचांचा मुलगा टोपली घेऊन आला. काकूंची मुलगी, तेच गुणाचं लेकरू, बाळंतपणाला आली ती अजून माहेरीच होती. बाळ चार महिन्यांचं. तिनं हात पुढं केला. त्यानं बापासारखीच बोटांची मुळं आवळली आणि तिनं हात झटकन मागं घेतला. हसून म्हणाली, काही नाही, जरा ठणकतं.

काकूंनी मांडीवरचं बाळ माझ्या बायकोकडं दिलं, सरकत सरकत तिच्याजवळ गेल्या आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिची बोटं एकेक करून चाचपली.

"सकायी उठल्यावर हात किती वेय आखडेल राह्यता गं?"

"तासभर," ती म्हणाली.

जळगावची गाडी सकाळी साडेसातची होती. काकूंनी रात्रीच पिशवीत बाळाचे लंगोट भरून ठेवले.